दोन गाड्यांची पीक पाहणी

मु. पो. तीर्थपुरी, ता. घनसावंगी
दिवाळीच्या दहा दिवस आधी

ती. आत्याबाईंना,

सुग्रीवचा साष्टांग नमस्कार. (दोन वर्षं तुमच्या पाया पडायला मिळालं नाही, म्हणून हा नमस्कार जरा जास्त वेळ वाकून केला आहे असं समजावं.)

आम्ही इकडे सगळे खुशाल. तुमची खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, पण खरं सांगायचं तर ती मला ठाऊक आहे. मी फोन केला की तुम्ही माझं नाव पाहता, फोन उचलता आणि एक शब्द न बोलता तो फळीवर पालथा घालता. पालथा घातल्यानं फोन बंद होत नाही, आत्याबाई. (हे मी दोन वर्षं सांगितलं नाही, कारण तुमचा आवाज ऐकायची तेवढीच एक सोय उरली होती.) मागच्या गुरुवारी मी अकरा मिनिटं तुमचं घर ऐकलं. तुम्ही मांजराला रागावलात, मग भाजीत मीठ जास्त झालं म्हणून राधाकिसनला रागावलात, भाजी मी केलीच नाही असं तो म्हणाला म्हणून त्याला पुन्हा रागावलात, आणि शेवटी "ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं" असं कुणाला तरी म्हणालात. आवाज खणखणीत होता. तेव्हा प्रकृती उत्तम आहे असं धरून पुढे लिहितो. हे पत्र मात्र राधाकिसनकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावून स्वतः वाचा. तुमचा मुलगा गुणी आहे, पण तो कंसातला मजकूर गाळतो, आणि मला जे खरं सांगायचं असतं ते नेमकं कंसात जातं.

विषय गाडीचा आहे. हे वाचून तुम्ही पत्र फोनसारखं पालथं घालाल, पण जरा थांबा. त्या लाल गाडीनं काय केलं हे मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला तिची पूजा होती, तुम्ही पिंपळगाव रेणुकाईहून दोन बस बदलून आलात, गाडीला ओवाळलंत, पहिल्या फेरीचा मान आत्याचा म्हणून पदर खोचून दाराशी उभ्या राहिलात, आणि तुमचे सख्खे भाऊ असून अप्पा सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "आसरे, ही गाडी तुझ्या मापाची न्हाई." तुम्ही न जेवता परत गेलात. त्या भाऊबिजेला अप्पा तुमच्याकडे आले नाहीत, मी पाठवलेली साडी तुम्ही त्याच पिशवीत परत पाठवलीत, आणि गेल्या वर्षीही हेच सगळं ओळीनं झालं. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बियाण्याच्या धंद्यात आधी पेरणीची तारीख लिहावी लागते, त्याशिवाय पुढच्या नोंदीला अर्थ राहत नाही.

मी ती गाडी का घेतली हे तुम्ही तेव्हाच विचारलं होतं. मी दाढ काढायला संभाजीनगरला गेल्तो, तिथल्या डॉक्टरांच्या अंगणात ती बुटकी, दोन जागांची स्पोर्ट्स गाडी उभी होती, आणि डॉक्टर ती विकायच्या विचारात होते. मी तोंडात कापूस घालून तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. लहानपणी एका बियाणे कंपनीच्या दिनदर्शिकेवर अशीच गाडी होती (कांद्याच्या जाहिरातीत तिचं काय काम होतं कोण जाणे), ते चित्र मी दहावीपर्यंत दप्तरात बाळगलं होतं. त्या दिवशी दाढ राहिली आणि गाडी घरी आली. शिवकन्या ताट घेऊन दारात ओवाळायला आली, आणि ओवाळायच्या आधीच म्हणाली, "दाढ कुठं हाय?" दाढ अजून जागेवर आहे आणि थंडीत दुखते.

आता माझं काम तुम्हाला माहीतच आहे. सत्तर-ऐंशी शेतकऱ्यांच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या संकरित बियाण्याचे प्लॉट असतात आणि मला रोज त्यातल्या दहा-बारांवर जावं लागतं. त्या प्लॉटांना रस्ते नसतात, वाटा असतात, आणि लाल गाडीचं पोट जमिनीपासून साडेचार इंच. गावातली कुत्री उन्हाळ्यात प्रत्येक वाहनाखाली झोपतात, हिच्याखाली एकही झोपत नाही, कारण मावत नाही. मळ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चार ब्रेकर आहेत. प्रत्येक ब्रेकरला शिवकन्या खाली उतरते (तिच्या वजनानं गाडी अर्धा इंच दबते असं मी एकदा बोलून गेलो, ते मला अजून ऐकावं लागतं), वाकून गाडीचं पोट पाहते आणि हातानं "येऊ द्या, येऊ द्या" करते, मी गाडी तिरपी करून एकेक चाक चढवतो, मग ती परत बसते, पट्टा लावते, आणि पट्टा लागेपर्यंत दुसरा ब्रेकर येतो. मागच्या दिवाळीत तिनं हिशेब मांडला की मोठ्या रस्त्यापर्यंत ती गाडीत कमी बसते आणि पायी जास्त चालते. पुढे मी गाडी पेट्रोल पंपाच्या सावलीत उभी करतो, शिवकन्या चालत घरी जाऊन स्कुटी घेऊन येते, आणि मी तिच्या मागे बसून प्लॉट फिरतो. तीन तालुक्यांत मी लाल गाडीवाला म्हणून ओळखला जातो, आणि तीन तालुक्यांनी मला बायकोच्या स्कुटीवर मागे बसलेलंच पाहिलं आहे.

सामानाचंही तसंच. आपल्याकडे कुणी पाहुण्याला रिकाम्या हातानं जाऊ देत नाही आणि गाडीच्या डिकीत एक टरबूज मावतं, तेही निवडून घ्यावं लागतं. एकदा एका शेतकऱ्यानं मोसंबीचं पोतं दिलं. ते मी शेजारच्या सीटवर ठेवलं तर गाडी टिंग टिंग ओरडायला लागली, माणूस बसला आहे आणि पट्टा नाही म्हणून. मी पोत्याला पट्टा लावला. घनसावंगीच्या चौकात दोघांनी पोत्याला रामराम केला, आणि संध्याकाळी एकानं फोन करून विचारलं की तुमच्या शेजारी कोण साहेब बसून राह्यले होते, कुठल्या कंपनीचे.

तर या सगळ्याला कंटाळून मी ठरवलं की लाल गाडी सणावाराला ठेवायची आणि रोजच्या कामाला एक मोठी डिझेल एसयूव्ही घ्यायची. घ्यायचीच तर चांगली, उंच, आलिशान, सात जणांची. (कामाला साधी जीपसुद्धा चालली असती. पण एकदा माणूस लाल गाडीत बसला की त्याची साधी जीप घ्यायची हिंमत होत नाही, लोक विचारतात काय झालं म्हणून.) शोरूमला फोन केला. तिथला मिथुन नावाचा विक्रेता फारच गोड बोलणारा निघाला. म्हणाला, सर, गाडी तुमच्या दारात आणतो, दहा मिनिटं चालवून पाहा. मी मनात म्हटलं, दहा मिनिटांत काय कळणार आहे.

कारण आमच्या धंद्यात नवीन वाण आलं की कंपनीच्या पुस्तकावर कुणी विश्वास ठेवत नाही. आधी ट्रायल. नवीन वाण एका बाजूला, रोजचं दुसऱ्या बाजूला, माती तीच, पाणी तेच. पीक हाताशी आलं की आजूबाजूच्या गावांचे शेतकरी बोलवायचे, चहा-पोहे द्यायचे, प्रत्येकाच्या हातात एक रंगीत फीत द्यायची आणि जे वाण पसंत पडेल त्याला ती बांधायला सांगायची. याला आम्ही पीक पाहणी म्हणतो. वीस वर्षांत या फितींनी मला एकदाही फसवलेलं नाही. घरात एवढी मोठी वस्तू येणार, तिला ही परीक्षा का नको? म्हणून मी आपल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर नेहमीचा निरोप टाकला. घाईत फक्त तारीख बदलली, बाकी मजकूर मागच्या वर्षीचाच राहिला: नवीन संकरित वाण, जोमदार वाढ, सर्व प्रकारच्या जमिनीस योग्य, चहा-नाश्त्याची सोय केली आहे, अवश्य यावे.

रविवारी सकाळी मळ्यावर दीडशेच्या वर माणूस. मांडव, सतरंज्या, लाऊडस्पीकर, पोह्यांची दोन पातेली, आणि मांडवापुढे एका रांगेत लाल गाडी, काळी उंच डिझेल एसयूव्ही आणि (सावली होती म्हणून) शिवकन्याची स्कुटी. मिथुन टाय लावून आला होता. त्यानं एवढी गर्दी पाहिली आणि आनंदानं शोरूमला फोन केला की सर, इथे दीडशे गिऱ्हाईक आहे. शेतकऱ्यांना मात्र मिरची पाहायची होती. मिरची नाही म्हटल्यावर थोडी कुजबुज झाली, पण पोहे खाल्ले होते आणि फिती हातात आल्या होत्या, तेव्हा पाहणी कशाचीही असो, ती नीटच करायची असं सगळ्यांनी ठरवलं. पहिला प्रश्न आला, उतारा किती? मिथुन म्हणाला, कशाचा? मी सांगितलं, लिटरला किती जाते ते विचारून राह्यलेत. तो म्हणाला, बारा. मांडवातून "कमीच हाय" असा आवाज आला. मग कोरडवाहूत चालेल का, पाणी तुंबलं तर तग धरते का, मर रोग लागतो का, पहिली तोडणी किती दिवसांनी, असं एकामागून एक सुरू झालं. मिथुन बिचारा प्रत्येकाला छापील उत्तर देत होता. एका म्हाताऱ्यानं विचारलं, यंदा घेतली तर पुढच्या साली बी घरचं धरता येईल का? तोवर दुपारचे बारा वाजले होते, मिथुन घामानं निथळला होता, आणि तो हो म्हणाला.

मग दैवशालाबाई आली. आपल्या प्लॉटांवर क्रॉसिंग करणाऱ्या बायकांची ती मुकादम. (मिरचीच्या कळीतला नर काढून दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, एकेक कळी, दिवसभर वाकून. तुम्हाला मिरचीच्या बाजाराचं गाव मिळालंय, पण त्या मिरचीच्या बियाला किती पाठी दुखतात ते तिथं दिसत नाही.) तिनं फर्मान काढलं की गाडी सहा बायकांना घेऊन प्लॉटवर जाते का तेवढंच आम्हाला पाहायचं हाय. मिथुननं दार उघडलं. त्या गाडीच्या खुर्च्यांत पाठ चोळायची सोय आहे, बटण दाबलं की आतून कुणी मुठीनं दाबल्यासारखं वाटतं. मिथुननं ते बटण दाखवलं आणि तिथे त्याचा दिवस संपला. गाडी प्लॉटपर्यंत सुखरूप गेली, दोन नाले पार केले, पण बायका उतरेनात. अर्धा तास त्या तशाच डोळे मिटून बसल्या होत्या, आणि मिथुन उन्हात उभा राहून सर, बॅटरी, सर, बॅटरी म्हणत होता. शेवटी दैवशालाबाई डोळे न उघडता मला म्हणाली, "भाऊ, गाडी नका घेऊ पाहिजे तं. या खुर्च्या तेवढ्या काढून शेडनेटात बसवून द्या." मला हसू आलं, आणि मग आलं नाही. वीस वर्षांत त्या पाठींचा मी विचार केला नव्हता.

आता मुख्य सांगतो. फिती बांधायच्या आधी मोठ्या माणसानं पहिलं पाहायचं असा मान असतो. सगळे अप्पांना बोलवायला लागले. अप्पा पांढरं धोतर, फेटा घालून तयारच होते, फीत मुठीत. ते उंच गाडीशी आले, एक हात दाराला लावला आणि पाय पायरीवर ठेवला. ठेवला म्हणजे तिथवर नेला. पाय तेवढा उचलला जाईना. मिथुननं बटण दाबून आणखी एक पायरी खाली काढली. अप्पांनी दुसरा पाय नेऊन पाहिला. कुणी मोसंबीचं कॅरेट आणून पालथं ठेवलं, त्यावर ते चढले आणि तिथेच उभे राहिले, पुढे जाता येईना, मागे येता येईना. दोघं जण धरायला सरसावले तर अप्पा म्हणाले, "हात लावू नका." सगळा मांडव पाहत होता, आत्याबाई. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची पोती पाठीवर घेतली, तो एका कॅरेटवर उभा होता आणि मला त्याच्याकडे पाहवेना. मग अप्पा एकटेच हळूहळू खाली आले, गाडीकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "दाराचा आवाज येऊन राह्यला. आपल्याला न्हाई पसंत," आणि घरात निघून गेले. त्या दाराचा काही आवाज येत नव्हता. आवाज येत नाही म्हणूनच ते एवढं महाग आहे.

निकाल असा लागला: उंच गाडी एकशेबारा, शिवकन्याची स्कुटी एकेचाळीस (थेट बांधापर्यंत जाते म्हणून), लाल गाडी नऊ, आणि एक फीत कुणी तरी मिथुनच्या टायला बांधली. शिवकन्याला इतका आनंद झाला की तिनं संध्याकाळी स्कुटीला हळद-कुंकू लावलं. एकशेबारा म्हणजे स्पष्ट बहुमत, मी मिथुनला उद्या कळवतो म्हणून सांगितलं आणि झोपलो.

सकाळी पाहतो तर लाल गाडीच्या दाराला दहावी फीत. गाठ कडब्याच्या पेंढीला मारतात तशी, एका हातानं ओढलेली. या घरात अशी गाठ एकच माणूस मारतो. मी अप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "तिच्यात चढावं लागतं. हिच्यात निदान पडता तरी येतं." मी दार उघडलं. अप्पा पाठमोरे उभे राहिले, डोळे मिटले आणि आत पडले. बसल्यावर त्यांनी फेटा नीट केला आणि कुठे तरी चल म्हणाले. मी जांबला नेलं. चार ब्रेकर शिवकन्या पुढे पळत होती, आणि अप्पा खिडकीतून तिला "सरळ बघ, सरळ" असं सांगत होते, जणू पूर्वीपासून गाडी त्यांचीच आहे. जांबला समर्थांच्या मंदिरासमोर गाडी उभी केली. अप्पा उतरले नाहीत. त्यांनी आतूनच हात जोडले, बराच वेळ, आणि मग मला विचारलं, "इथून आसराचं घर किती लांब असंल?"

आत्याबाई, ज्या माणसानं साठ वर्षं प्रत्येक भाऊबिजेला तो रस्ता तुडवला, सायकलवर, बसनं, एकदा तर ट्रकच्या टपावर बसून, तो मला अंतर विचारत होता. मी सव्वाशे किलोमीटर म्हणालो. ते म्हणाले, मला ठाऊक हाय. मग काचेतून समोर बघत त्यांनी सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे चार वाक्यं. बाकीचं मी जुळवलं.

(हे कंसात लिहितो, म्हणजे तुमच्याशिवाय कुणी वाचणार नाही. दोन वर्षांपूर्वी भाऊबिजेला अप्पा सकाळी सहाला आंघोळ करून तयार होते. भाड्यानं सांगितलेली जीप दारात होती. मी तुमच्यासाठी घेतलेली साडी आणायला घरात गेलो, तेवढ्यात त्यांनी चढायचा प्रयत्न केला असणार. मी बाहेर आलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते आणि म्हणाले, "मला जायचं न्हाई." आम्हाला वाटलं राग. त्यांनी तसं वाटू दिलं. गेल्या वर्षीही तसंच. गुडघे हा शब्द त्यांनी घरात एकदाही उच्चारला नाही. राग आहे म्हटलं तर लोक मान देतात, गुडघे म्हटलं की तेल आणून देतात.)

आणि ते मापाचं बोलणं. तुम्ही ते विसरणार नाही, आणि विसरावं असं माझं म्हणणंही नाही. पण एक आठवा. त्या दिवशी पूजेच्या आधी अप्पांच्या धोतराला गुडघ्यांवर चिखल होता आणि तुम्हीच विचारलं होतं, कुठं पडलास का रे म्हणून. पहाटे कुणी उठायच्या आत ते एकटेच गाडीत बसून पाहायला गेले होते. आत पडले ते पडलेच. वर उठता येईना, हाक मारायची लाज, आणि उजाडायला लागलं. शेवटी दार ढकलून ते हातापायांवर बाहेर आले, रात्रीच्या पावसाच्या चिखलात. चार तासांनी तुम्ही पदर खोचून त्याच दाराशी उभ्या राहिलात, सगळी भावकी जमलेली. अप्पांना दिसलं असेल की आता आपली बहीणही आत पडेल आणि सगळ्यांदेखत बाहेर येईल. तेव्हा त्यांना जे सुचलं ते त्यांनी म्हटलं. चांगलं सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण अप्पांना चांगलं कधी सुचलं आहे, तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखता.

जांबहून परत आल्यावर उतरायचा प्रश्न होता. हात लावू द्यायचा नाही हे ठरलेलंच. मग शिवकन्यानं दारापाशी गोधडी अंथरली. अप्पांनी गोधडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि अलगद गोधडीवर लोळले. लोळल्यावर लगेच उठले नाहीत. हाताची उशी करून, आपण मुद्दाम इथे आडवे झालो आहोत अशा थाटात, त्यांनी चहा मागवला आणि तिथेच प्यायला. मग बाजेला धरून उठले. आता रोज सकाळी असंच चालतं. ते गाडीत पडतात, पेपर वाचतात, गोधडीवर येतात, चहा पितात. गाडी जागची हलत नाही, पण मालक म्हणून मला इतकं समाधान तिनं कधी दिलं नव्हतं.

तर आम्ही भाऊबिजेला येत आहोत. लाल गाडीतून, मी आणि अप्पा. (दोनच जागा आहेत. शिवकन्या मागून स्कुटीवर येते म्हणाली, मी तिला बसमध्ये बसवणार आहे.) तुमच्या दारात भर बाजारात गोधडी अंथरणं बरं दिसणार नाही, म्हणून अप्पा गाडीतून उतरणार नाहीत. तुम्ही पाट घेऊन बाहेर यावं आणि गाडीच्या दाराशी बसून त्यांना ओवाळावं. गाडी इतकी खाली आहे की तुमचा हात बरोबर त्यांच्या कपाळापर्यंत येईल. एवढं एक त्या गाडीचं माप जमलं आहे. तुम्हाला नको असेल तर या वेळी फोन पालथा न घालता तसं सांगा, मी अप्पांना काही तरी कारण सांगेन. पण तुम्ही नको म्हणू नये असं मला फार वाटतं. ते पंच्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना अंतर विचारायला दोन वर्षं लागली.

अप्पांना या पत्राचा पत्ता नाही. पत्र आता गाडीच्या खणात ठेवतो आणि उद्या दुपारी तीर्थपुरीच्या पोस्टात टाकतो. राधाकिसनला आशीर्वाद, मांजराला रागावू नये.

तुमचा भाचा,
सुग्रीव

ता. क. राधाकिसननं तुमच्या दारासमोर स्वतः सिमेंटचा ब्रेकर घातला आहे असं ऐकतो. तो सात इंच उंच आहे, हे मी परवा तिकडून येणाऱ्या एका शेतकऱ्याला पट्टी देऊन मोजून घेतलं. गाडीचं पोट साडेचार इंच. कृपा करून वरचे तीन इंच काढून घ्यावेत. खरं म्हणजे पत्र मी एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, बाकीचं मधे आलं.

ता. क. दुसरा. उंच गाडीचं मी अजून मिथुनला कळवलेलं नाही. पण दैवशालाबाई रोज खुर्च्यांची चौकशी करते, त्यामुळे बहुधा घ्यावी लागेल, निदान त्या बायका तरी सकाळ-संध्याकाळ पाठ टेकून येतील-जातील. घेतली तर पहिली फेरी तुमची. सात जण बसतात, मापाचा प्रश्नच येत नाही.

ता. क. तिसरा. आसरे, हे मी अप्पाराव लिहून राह्यलो. पत्र खणात सापडलं, कंसातलं बी वाचलं. पोरगं लई लिहितं. चिखलाचं खरं हाय. ब्रेकर फोडू नको, राधाकिसननं मेहनतीनं केला असंल, आपण गाडी अलीकडं उभी करू. अन् गाडीत बसून कोणी ओवाळून घेतं का? मी उतरणार हाय. गोधडी नको. दोन माणसं दाराशी तयार ठेव, मी हात लावू देईन. राधाकिसनला सांग, उचलताना हसायचं न्हाई. तू हसली तरी चालंल.